नापास होत राहिलेले कुरुंदकर गुरुजी

बसवकल्याणला माझ्याकडे मराठी शिकायला येणारा एक मुलगा बारावीत नापास झाला. चार दिवस घराबाहेर पडला नाही. शेवटी मीच त्याच्याकडे गेलो आणि त्याला विचारवंत नरहर कुरुंदकरांबद्दल सांगितलं.

जन्म १९३२चा, गाव वसमतजवळचं कुरुंदा. तेव्हा ते गावही निजामाच्या राज्यात आणि आमचं कल्याणी, म्हणजे आताचं बसवकल्याणही. शिक्षणासाठी ते हैदराबादला मामांकडे, डॉ. ना. गो. नांदापूरकरांकडे राहिले. वाचन अफाट, पण इंटरची परीक्षा काही सुटेना!

पदवी नसतानाच १९५५मध्ये ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत मास्तर झाले. संसार सांभाळत शिकवायचं आणि उरलेल्या वेळात वाचायचं. घरी विद्यार्थ्यांचा, मित्रांचा राबता. त्या बैठकांत नाट्यशास्त्रापासून राजकारणापर्यंत काहीही निघे. मला वाटतं, त्यांची खरी शाळा तीच.

पुढे एम. ए. केलं, पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि नंतर प्राचार्य झाले. ‘श्रीमान योगी’ या कादंबरीला त्यांचंच दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून आहे. मनुस्मृतीवरचं त्यांचं पुस्तक आमच्या गावच्या माणसानं तर वाचावंच, कारण याज्ञवल्क्यस्मृतीवरची ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वरानं इथंच लिहिली.

१० फेब्रुवारी १९८२ला औरंगाबादेत, व्याख्यानाच्या व्यासपीठावरच ते गेले. वय पन्नासही नव्हतं.

नांदेडकडच्या कुणी त्यांच्या हाताखाली शिकलं असेल तर आठवणी जरूर लिहा. कुठल्या पुस्तकापासून सुरुवात करावी, हेही विचारा. सवडीनं प्रत्येकाला उत्तर देईन.