वाघ जंगलात, पाहुणा आपल्या घरी!

मैत्रिणींनो, आपल्या सेलू तालुक्यातलं बोर धरण तुम्हाला ठाऊक असेलच. त्याच्या लगतच्या जंगलाला १९७० मध्ये अभयारण्याचा आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर. त्या वेळी देशातला हा सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्प होता.

शहरातल्या पाहुण्याला वाघ पाहण्याची हौस असते. पण जंगलाकाठच्या बाईचं काय? सरपणाला, मोहफुलं वेचायला निघायचं तर जीव मुठीत. गोठ्यातली कालवड वाघाने नेली, तर वर्षाचं गणित कोलमडतं. मग वाघ जगावा, असं तिला का वाटावं?

याचं उत्तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाने दिलंय. तिथल्या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालतात. पूर्वी ती अंडी चोरीला जायची, कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी पडायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन अंडी कुंपणात जपायला सुरुवात केली. २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला. इवलीशी पिल्लं समुद्राकडे धावताना पाहायला लोक येऊ लागले. त्यांची राहण्याजेवणाची सोय गावातल्याच घरांत झाली. घरच्या बाईच्या हातचे उकडीचे मोदक आणि सोलकढी! पैसा थेट चुलीपर्यंत आला, आणि कासव गावाचं झालं.

आपल्याकडे हे का होऊ नये? नागपूर जवळ, त्यामुळे पाहुणा सकाळी येऊन संध्याकाळी परत जाऊ शकतो. त्याला थांबवायचं तर स्वच्छ खोली, नीटनेटकं शौचालय आणि आपलं झणझणीत जेवण हवं. सांबारवडी, भरीत-भाकरी, जवसाची चटणी यात आपला हात कोण धरणार! बचत गटाने दर ठरवावा, पाहुणे घराघरांत पाळीपाळीने वाटावेत, हिशेब सगळ्यांसमोर मांडावा. नाहीतर मलई एखाद्याच घरी जाते आणि भांडणं मात्र गावभर होतात.

एक मात्र लक्षात ठेवा, पावसाळ्यात जंगल सफारी बंद असते. तेव्हा शेती सोडू नका, हा जोडधंदाच समजा. व्याघ्र प्रकल्पांलगतच्या गावांसाठी २०१५ मध्ये डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आली. सरपणाची पायपीट वाचावी म्हणून त्यात स्वयंपाकाच्या गॅसचाही विचार आहे. आपल्या गावाला त्यातून काय मिळालं, हे पुढच्या ग्रामसभेत जरूर विचारा. चारचौघींनी मिळून विचारलं, की उत्तर द्यावंच लागतं!