छापून आले म्हणजे खरे झाले काय?

वाचकहो, शोधनिबंध छापणाऱ्या पत्रिकांचा विषय काढला की शेतकरी बंधू म्हणतात, "ते तुमचं कॉलेजातलं. आम्हाला काय त्याचं?" पण कोणते बियाणे कोणत्या जमिनीत टिकते, कोणते औषध कोणत्या तापावर चालते, हे ज्ञान शेवटी कोणाच्या तरी शोधनिबंधातूनच कृषी सहाय्यकापर्यंत आणि डॉक्टरपर्यंत येते. निबंध खोटा निघाला तर नुकसान बांधावर होते.

रीत तशी साधी आहे. लेखक निबंध पाठवतो. संपादक तो त्याच विषयातल्या दोघातिघा जाणकारांकडे धाडतो, पुष्कळदा लेखकाचे नाव झाकून. हे परीक्षक बहुधा एक पैसाही घेत नाहीत. मोजमाप कसे केले, नमुने किती घेतले, दुसऱ्याचा मजकूर उचलला आहे का, असे ते विचारतात. निबंध दुरुस्तीसाठी परत येतो, कधी नाकारलाही जातो. यात महिने जातात. मी मीरा-भाईंदरला शिकवतो. तिथे उत्तनच्या किनाऱ्यावरचे सुके बोंबील घेताना गिऱ्हाईक ते हाताळून, वास घेऊन पाहते. परीक्षकाचे काम तेच. फरक एवढाच की निबंधाचा वास सर्वांना येत नाही.

आता यात खोट शिरली कशी? 2009 साली पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापण्याची अट आली, आणि 2010 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या बढतीसाठी गुण मोजायला सुरुवात केली. निबंध मोजले जाऊ लागले. वाचले जातातच असे नाही! मग बाजार उभा राहिला. ठरावीक फी भरा, आठवड्यात छापून देतो. परीक्षक नाही, चौकशी नाही.

2013 साली जॉन बोहानन या पत्रकाराने 'सायन्स' साप्ताहिकासाठी याची परीक्षाच घेतली. दगडफुलाच्या वर्गातला एक पदार्थ कर्करोगाच्या पेशी रोखतो, असा ढोबळ चुकांनी भरलेला बनावट निबंध त्याने 304 पत्रिकांना धाडला. 157 जणींनी तो स्वीकारला. त्यांत भारतातल्या 64 होत्या. आपल्याकडच्या फक्त 15 जणींनी तो नाकारला.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण याहून बोलके आहे. आयोगाने 'मान्यताप्राप्त' पत्रिकांची यादी केली होती, तीत हजारो नावे खुद्द विद्यापीठांनी सुचवलेली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 5699 नावांतून 1336 पत्रिका चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडल्या. नामांकित सूचींत आधीच असलेल्या 327 बाजूला ठेवल्या आणि उरलेल्या 1009 तपासल्या. त्यांपैकी 34.5 टक्के पत्रिकांचा पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे ही प्राथमिक माहितीच सापडेना किंवा चुकीची निघाली. आणखी 52.3 टक्क्यांनी चुकीचा क्रमांक, 'इम्पॅक्ट फॅक्टर'चा खोटा दावा, असले काहीबाही दिले होते. 2018 च्या मार्चमध्ये हे 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले. मे महिन्यात आयोगाने यादीतून 4305 पत्रिका काढल्या.

पुढे 'यूजीसी-केअर' ही नवी, चाळलेली यादी आली. तिचे काम पुण्यातूनच चाले. तर भामट्यांनी काय करावे? यादीतल्या खऱ्या पत्रिकांची नावे आणि क्रमांक उचलून हुबेहूब संकेतस्थळे उभी केली. मूळ संपादक बिचारा अनभिज्ञ, फी तिसऱ्याच्या खात्यात. 2025 च्या फेब्रुवारीत आयोगाने ही यादीही बंद केल्याचे जाहीर केले आणि पारख करण्याचे काम संस्था आणि अध्यापकांवर सोपवले. माझ्या मते यादी ही कुबडी होती, ती कायमची बरी नव्हे. पण ज्या तालुक्याच्या कॉलेजात धड ग्रंथालय नाही, तिथल्या मास्तरांची कुबडी काढताना हात द्यायला कोणीतरी हवे होते.

तोवर, शिक्षक मित्रहो, पारख आपणच करायची. आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक म्हणजे गाडीवरची पाटी; ब्रेक लागतात की नाही हे ती सांगत नाही. फी घेणे हाही गुन्हा नव्हे, पुष्कळ चांगल्या पत्रिका ती घेतात. फी कधी मागतात, ते पाहा. परीक्षकांचे मत येण्याआधीच पैसे मागितले तर थांबा. मागचे दोन अंक मिळवून प्रत्यक्ष वाचा. एकाच अंकात ऊसशेती, संत तुकाराम आणि बँकांचे व्यवहार शेजारी-शेजारी बसले असतील, तर परीक्षक कोण होते हे विचारा. संपादक मंडळातले एक नाव निवडा, त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर दोन ओळींचे पत्र टाका: "आपण या पत्रिकेचे काम पाहता काय?" आपले नाव छापले आहे याचा पत्ताच नसलेली विद्वान मंडळी निघाल्याची उदाहरणे आहेत. पत्राचे उत्तर येईपर्यंत फीचे पैसे खिशातच राहू द्या.