ऐकतोस ना रे?

घरात तेरा-चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असली, की एक वाक्य दिवसातून दहादा तरी कानी पडतेच: "तुला कान आहेत की नाहीत?" प्रश्न आईचा असतो आणि उत्तर बहुधा येत नाही. ते मीच देतो. आहेत, आणि तुमच्या-आमच्यापेक्षा खासे आहेत!

माणसाला सेकंदाला २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात, असे आपण शाळेत घोकलेले असते. त्यातली अगदी वरची पायरी मात्र कोवळ्या कानांची. वय चढते तशी ती हातची जाते. हे हेरून २००५ साली वेल्समधल्या हॉवर्ड स्टेपलटन नावाच्या गृहस्थाने, दुकानापुढे टोळके जमवणाऱ्या पोरांना पिटाळण्याचे यंत्र काढले. त्याची सुमारे १७,००० कंपनांची किरकिर पोरांना सोसवत नाही, आणि गल्ल्यावरच्या शेटजींना तिचा पत्ताही नसतो. पोरे कसली वस्ताद! त्यांनी तसाच सूर मोबाईलच्या घंटीला लावला आणि गुरुजींच्या देखत वर्गात वाजवला.

मग अडते कुठे? कानातली शंखासारखी वेटोळी नळी जन्मताच पुऱ्या मापाची असते. मेंदूचे तसे नाही. गलक्यातून एकच आवाज निवडणे, अर्धवट कानी पडलेला शब्द संदर्भाने पुरा करणे, हे शिक्षण पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत चालूच राहते. कुकरच्या शिट्टीत आणि टीव्हीच्या कलकलाटात आपण चार शब्दांतले दोन ऐकतो व दोन अनुभवाने भरतो. मुलाच्या गाठीशी ती पुंजी अजून थोडी. रस्त्याकडेच्या वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्याची तर कीव करावी. त्याच्या निम्म्या चुका कानाच्या नसून मोटारींच्या असतात.

पण खरे दुखणे निराळेच आहे. आमच्या वहिनी पानावर बसायला चार हाका मारतात, चिरंजीव जागचे हलत नाहीत. खालून मित्राची एक शीळ आली, की तीन जिने दोन ढांगांत! वहिनींच्या डोळ्यांत पाणी येते ते हाक वाया गेल्याचे नव्हे.

स्टॅनफर्ड विद्यापीठात डॅनिअल एब्रम्स, विनोद मेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली नेमके हेच तपासले. निरर्थक शब्द आईच्या आणि अनोळखी बायकांच्या आवाजात ऐकवून त्यांनी मुलांच्या मेंदूची चित्रे घेतली. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मेंदूत सुखाची जाणीव देणारे भाग आईच्या आवाजाने अधिक चेतत. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांत पारडे फिरले. परका आवाज वरचढ ठरला. आणि तरीही या मुलांनी आईचा आवाज शंभरात सत्त्याण्णव वेळांहून अधिक अचूक ओळखला! वहिनींना मी हे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "ओळखतो ना? मग झालं." पोर बाहेरच्या जगात जायला निघाले आहे, आणि निघताना त्याचे कान पुढे गेले आहेत, इतकेच.

याच वयात कान घडवताही येतात. शिकागोच्या शाळांतील बँडमध्ये वाजवणाऱ्या मुलांवर नीना क्राउस यांच्या गटाने २०१५ साली लिहिले; काही वर्षांच्या वादनाने त्यांच्या मेंदूची आवाज टिपण्याची क्रिया लवकर पक्व झालेली आढळली. तबल्याच्या शिकवणीची फी भरताना हे आठवावे.

बिघडवणे मात्र फार सोपे. प्रत्येक कानात जेमतेम पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की नव्या येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. ८३ झाला की २० तासच. लहान मुलांची मर्यादा ७५. तेव्हा कानात बोंडे घालून बसलेल्या लेकीचे गाणे शेजारी बसून आपल्याला ऐकू येत असेल, तर खुशाल हटकावे.

आता फटाके. ४ मीटरवर १२५ डेसिबलहून मोठा आवाज करणाऱ्या फटाक्यांना आपल्याकडे १९९९ पासून मनाई आहे. उघड्यावर अंतर दुप्पट केले, की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. कापसाच्या बोळ्यांवर फार विसंबू नये. सुतळी बॉम्बनंतर कानात शिट्टी वाजू लागली आणि दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर भाऊबीज उरकण्याची वाट न पाहता कानाच्या डॉक्टरांकडे जावे.