क्षेत्र-अभ्यासातील डिजिटल छायाचित्रांचे प्रवासात जतन : पंढरपूर वारीच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : डिजिटल छायाचित्र, मेमरी कार्ड, राखीव प्रत, क्षेत्र-अभ्यास, वारी

प्रस्तावना :
समाजशास्त्र, मराठी, इतिहास, भूगोल अशा अनेक विषयांच्या क्षेत्र-अभ्यासात छायाचित्र हे आज केवळ सजावटीचे साधन राहिलेले नसून ते प्राथमिक पुरावा ठरले आहे. फिल्मच्या काळात एका रोलवर साधारणतः ३६ छायाचित्रे येत. एखादा रोल खराब झाला तर तेवढीच छायाचित्रे जात, बाकीचे रोल सुरक्षित राहत. डिजिटल तंत्रामुळे संपूर्ण प्रवास नखाएवढ्या एका कार्डात मावू लागला. परंतु त्याबरोबरच संपूर्ण प्रवास एका क्षणात गमावण्याची शक्यताही निर्माण झाली.

आषाढी वारीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. वारी वर्षातून एकदाच येते. २०२० व २०२१ या दोन वर्षी कोरोनाच्या साथीमुळे नेहमीची पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी. बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. ज्या अभ्यासकाची २०१९ ची छायाचित्रे नष्ट झाली असतील, त्याला पायी सोहळा पुन्हा टिपण्यासाठी २०२२ पर्यंत थांबावे लागले असेल. ठरावीक मुदतीत प्रबंध सादर करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही हानी भरून न येणारी होय.

लेखाची उद्दिष्टे :
१) प्रवासात छायाचित्रे नष्ट होण्याची कारणे स्पष्ट करणे.
२) राखीव प्रतींचे तत्त्व समजावून देणे.
३) पायी प्रवासात पाळता येईल अशी दैनंदिन कार्यपद्धती सुचविणे.

हानीची कारणे :
आळंदीहून निघालेली संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट, नीरा नदी, चांदोबाचा लिंब येथील उभे रिंगण असे टप्पे पार करीत पंढरपूरला पोहोचते. पावसाचे दिवस, प्रचंड गर्दी, तंबूतील मुक्काम व विजेची अनिश्चितता ही परिस्थिती उपकरणांना प्रतिकूल असते. कॅमेरा भिजणे, मोबाइल चोरीस जाणे, कार्ड हरवणे ही उघड कारणे होत.

काही कारणे मात्र मानवी चुकांतून उद्भवतात. पहिली चूक म्हणजे कार्डातील फाइल्स ‘कॉपी’ करण्याऐवजी ‘कट’ करणे. अशा वेळी मध्येच बॅटरी संपली किंवा केबल निघाली तर फाइल्स अर्धवट राहण्याचा धोका असतो. दुसरी चूक नावांची आहे. बहुतेक कॅमेरे फाइलला चार अंकी क्रमांक देतात आणि ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरुवात करतात. दोन दिवसांची छायाचित्रे एकाच फोल्डरमध्ये टाकताना समान नावाच्या जुन्या फाइलवर नवी फाइल बसू शकते. तिसरी चूक म्हणजे प्रत झाली आहे असे गृहीत धरून, ती उघडून न पाहताच कार्ड कोरे करणे.

राखीव प्रतीचे तत्त्व :
याबाबत ‘तीन-दोन-एक’ हा नियम सर्वत्र मान्य आहे. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांच्या लेखनातून तो रूढ झाला. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत अन्य ठिकाणी असावी, असा त्याचा आशय आहे. यातील शेवटचा भाग प्रवासात विशेष महत्त्वाचा ठरतो. कॅमेरा, कार्ड व हार्ड डिस्क एकाच पिशवीत ठेवल्यास प्रती तीन असूनही धोका एकच राहतो. पिशवी गेली की सर्व गेले. वारीत दिंडीचे सामान ट्रकमधून जाते. एक प्रत ट्रकमधील सामानात व दुसरी अंगावरील पिशवीत ठेवली तर हा धोका विनाखर्च विभागला जातो.

येथे ‘समक्रमण’ व ‘राखीव प्रत’ यांतील भेदही ध्यानात घ्यावयास हवा. समक्रमणात मोबाइल व इंटरनेटवरील साठा एकमेकांशी जुळवून ठेवले जातात. त्यामुळे एका ठिकाणी पुसलेले छायाचित्र दुसरीकडूनही पुसले जाऊ शकते. खरी राखीव प्रत मूळ फाइल पुसल्यावरही शाबूत राहते. तसेच व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठविलेली प्रत आकाराने लहान होते व तिच्यातील दिनांक, स्थळ इत्यादी अंतर्गत नोंदी सामान्यतः गळून पडतात. पुरावा म्हणून अशी प्रत अपुरी असते.

साठ्याचा अंदाज :
दररोज ३०० छायाचित्रे व २० दिवसांचा प्रवास धरल्यास एकूण ६,००० छायाचित्रे होतात. जेपेग स्वरूपात प्रत्येकी ५ एमबी धरल्यास ३० जीबी, तर रॉ स्वरूपात प्रत्येकी २५ एमबी धरल्यास १५० जीबी जागा लागते. प्रतिसेकंद ५ मेगाबिट वेगाने एका दिवसाची जेपेग छायाचित्रे, म्हणजे १.५ जीबी, इंटरनेटवर चढविण्यास सुमारे ४० मिनिटे लागतात. रॉ छायाचित्रांना मात्र ३ तास २० मिनिटे लागतात. लाखोंच्या गर्दीत हा वेगही मिळेलच असे नाही. म्हणून इंटरनेटवर केवळ निवडक छायाचित्रे पाठवावीत व संपूर्ण साठा प्रत्यक्ष माध्यमांवर ठेवावा, हे व्यवहार्य ठरते. गुगल फोटोजची अमर्याद विनामूल्य साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली असल्याने जागेचा विचार आधीच करणे आवश्यक आहे.

दैनंदिन कार्यपद्धती :
१) एका मोठ्या कार्डाऐवजी अनेक लहान कार्डे वापरावीत. भरलेले कार्ड कोरे न करता, त्यावरील कळ ‘लॉक’ करून कोरड्या डबीत ठेवावे.
२) मुक्कामावर पोहोचताच दिनांक व गावाच्या नावाने नवा फोल्डर करून त्यात फाइल्स कॉपी कराव्यात. लॅपटॉप नसल्यास ओटीजी केबलने मोबाइलद्वारे पेन ड्राइव्हवर प्रत घेता येते.
३) कार्डातील व प्रतीतील फाइल्सची संख्या व एकूण आकार ताडून पाहावा, काही छायाचित्रे उघडून तपासावीत.
४) छायाचित्राचा क्रमांक, स्थळ व व्यक्तीची संमती यांची नोंद वहीत करावी व त्या पानाचेही छायाचित्र घ्यावे.
५) चुकून फाइल पुसली गेल्यास त्या कार्डावर पुढे एकही छायाचित्र काढू नये. पुसताना बहुधा फाइलची केवळ नोंद काढली जाते. मूळ माहिती तिच्यावर नवी माहिती लिहिली जाईपर्यंत शिल्लक राहते आणि योग्य सॉफ्टवेअरने ती परत मिळण्याची शक्यता असते.

निष्कर्ष :
डिजिटल छायाचित्रांची सुरक्षितता महागड्या उपकरणांपेक्षा नियमित सवयीवर अधिक अवलंबून आहे. रोजच्या मुक्कामावरील अर्ध्या-पाऊण तासाचे काम वर्षभराचे संशोधन वाचवू शकते. क्षेत्र-अभ्यासाला विद्यार्थी पाठविताना प्रश्नावलीबरोबरच राखीव प्रतींची योजनाही मार्गदर्शकांनी तपासावी आणि विभागाने दोन-चार कार्डे व एक हार्ड डिस्क याकरिता उपलब्ध ठेवावी. परतल्यानंतर एक प्रत विभागात जमा झाल्यास ती पुढील अभ्यासकांसाठीही मौलिक साधन ठरेल.