लेव्हल ६ चे मिसळभोक्ते

कोल्हापुरातल्या कुठल्याही गाजलेल्या मिसळीच्या दुकानाचं पान गूगल मॅप्सवर उघडा आणि लोकांचे अभिप्राय वाचत खाली या. कट झणझणीत, ब्रेड ताजा, रविवारी रांग फार, गाडी लावायची बोंब. आता मिसळ जरा बाजूला ठेवून लिहिणाऱ्याच्या नावाकडे बघा. नावाखाली बारीक अक्षरात ‘लोकल गाइड’ असं असतं आणि त्या नावावर टिचकी मारली की हुद्दा कळतो: लेव्हल ६.

हा हुद्दा कमवावा लागतो. अभिप्राय लिहिला की १० गुण, फोटो टाकला की ५, नुसतेच तारे दिले तर १. २५० गुण झाले की लेव्हल ४, आणि तिथपासून नावाच्या वर्तुळाला बिल्ला चिकटतो. लेव्हल ६ ला १५०० गुण लागतात. सगळ्यात वरची लेव्हल १०, तिला १ लाख. नुसत्या फोटोंवर तिथे पोचायचं म्हटलं तर २० हजार फोटो काढावे लागतील. पगार नाही, मानधन नाही, मिसळीचं बिलही स्वतःच्या खिशातून. तरी लोक दुकानाची पाटी, मेनूकार्ड, पार्किंगची जागा, झालंच तर हात धुवायचं बेसिन, सगळ्याचे फोटो काढून चढवत असतात. जगातल्या एका धनाढ्य कंपनीच्या नकाशात रंग भरायला माणसं आपली दुपार खर्ची घालतात आणि पदरात पडतो तो एक आकडा. मला हा प्रकार कमालीचा नवलाचा वाटतो.

या उतरंडीचं मूळ शोधत गेलं की आपण १९७८ सालच्या इंग्लंडमध्ये, एसेक्स विद्यापीठात पोचतो. रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने तिथे एक खेळ लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टल या दुसऱ्या विद्यार्थ्याने तो पूर्ण केला. खेळाचं नाव मड. चित्र नाही, आवाज नाही, पडद्यावर फक्त अक्षरं. ‘उत्तरेला जा’, ‘तलवार उचल’ असे हुकूम टाइप करायचे. पण एकाच संगणकाला जोडलेली अनेक माणसं एकाच वेळी त्या काल्पनिक मुलखात वावरत होती, एकमेकांशी गप्पा मारत होती, जमलं तर एकमेकांचे मुडदे पाडत होती. खजिना सापडला की तो नेऊन दलदलीत टाकायचा, मग गुण मिळत. नवखा, योद्धा, वीर अशा पदव्या चढत जायचं, आणि पुढची पदवी मागचीच्या दुप्पट गुणांवर. लढाईत मेलात तर सगळी कमाई पाण्यात, पुन्हा नवख्यापासून सुरुवात. शेवटची पदवी ‘विझार्ड’. ती मिळाली की मग मरणाची भीती नाही. इतर खेळाडू काय करताहेत ते चोरून पाहता येई, खेळातल्या वस्तू हलवता येत. थोडक्यात, जो आजवर खेळ खेळत होता तो आता खेळ चालवणाऱ्यांत जमा होई.

चढण वर जाईल तशी उभी होत जावी आणि माथ्यावर पोचलेल्याला मानाबरोबर कारभारही मिळावा, ही एका विद्यापीठाच्या संगणकावर जुळलेली युक्ती पुढे कुठे कुठे पसरली ते पाहत बसावं.

त्यातलं सर्वांत बेमालूम यंत्र म्हणजे स्टॅक ओव्हरफ्लो. जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की या दोघांनी ते २००८ साली सुरू केलं. हिंजवडीत किंवा खराडीत नोकरी करणारं कुणी घरात असेल तर विचारा; गेली कित्येक वर्षं रात्री दोन वाजता कोड अडला की देवाच्या आधी आठवायचं ते हे नाव. प्रश्न कुणीही विचारावा, उत्तर कुणीही द्यावं. उत्तर आवडून कुणी मत दिलं की उत्तर देणाऱ्याला १० गुण, विचारणाऱ्याने ते स्वीकारलं की आणखी १५. नापसंतीचं मत पडलं तर २ गुण वजा. आणि इथे एक बारीक खुबी आहे: दुसऱ्याच्या उत्तराला नापसंती दाखवलीत तर तुमच्याही पदरचा १ गुण जातो. नाक मुरडायचं तर किंमत मोजा. ही एवढी एक अट आपल्या हाउसिंग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला लागू झाली तर काय बहार येईल!

साठलेल्या गुणांचं पुढे काय होतं, ते आणखी गमतीचं आहे. १५ गुण झाले की पसंतीचं मत देता येतं. ५० ला कुणाच्याही लिखाणाखाली शेरा लिहिता येतो, १२५ ला नापसंती दाखवता येते. २ हजारांवर दुसऱ्याचं लिखाण कुणाला न विचारता दुरुस्त करता येतं, ३ हजारांवर भलता प्रश्न बंद करण्यासाठी मत टाकता येतं, १० हजारांवर काढून टाकलेला मजकूरही दिसायला लागतो. म्हणजे गुण मिळवता मिळवता माणूस नकळत झाडूवाला, मुद्रितशोधक आणि पंच होऊन बसतो. २ कोटींहून जास्त प्रश्नांचा पसारा बराचसा अशा बिनपगारी माणसांनी आवरलेला आहे.

या मुलखाचा अनभिषिक्त राजा जॉन स्कीट, गूगलच्या लंडनच्या कचेरीतला इंजिनिअर. आपल्याकडे रजनीकांतवर असतात तसे विनोद प्रोग्रामर मंडळींत त्याच्यावर चालतात. जानेवारी २०१८ मध्ये १० लाख गुणांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला. आता जरा हिशेब करून बघा. मतांमधून दिवसाला फार तर २०० गुणच जमा होतात, त्यावर कितीही मतं पडोत. साइट सुरू होऊन तेव्हा साडेनऊ वर्षंही झाली नव्हती. रोजच्या रोज, सणवार न पाळता, कमाल मर्यादा गाठली तरी बेरीज ७ लाखांच्या आतच राहते. उरलेले ३ लाख आले कुठून? स्वीकारलेल्या उत्तरांच्या १५-१५ गुणांना आणि प्रश्नावर लावलेल्या बक्षिसांना ती मर्यादा नाही, तिथून. १५ ने भागून बघा म्हणजे किती हजार परक्या माणसांच्या अडचणी या गृहस्थाने सोडवल्या असतील याचा अंदाज येईल. मला तर तो आकडा काढून गरगरलं.

असं असेल तर बिल्ले वाटत सुटावं आणि जगाची कामं करून घ्यावीत, असं कुणालाही वाटेल. पण बिल्ला हातात पडल्यावर माणूस काय करतो? स्टॅनफर्डचे युरे लेस्कोवेत्स, कॉर्नेलचे जॉन क्लाइनबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी स्टॅक ओव्हरफ्लोच्याच नोंदींवरून हे तपासलं आणि २०१३ मध्ये मांडलं. तिथे ३०० मतं दिल्याबद्दल एक बिल्ला मिळतो. लोकांचा मत देण्याचा वेग बिल्ला जवळ येईल तसा वाढत जातो, अगदी उंबरठ्यावर तर झपाट्याने. बिल्ला मिळाला की दुसऱ्या दिवसापासून आलेख धाडकन खाली. जणू मतदानाची ती सारी नागरी कळकळ तिनशेव्या मतापुरतीच होती.

यातला पहिला भाग मानसशास्त्राला जुना ठाऊक होता. क्लार्क हल याने १९३० च्या दशकातच दाखवलं होतं की बोळातून धावणारा उंदीर खाणं जवळ आलं की वेग वाढवतो. माणूस त्याहून भाबडा निघाला. जोसेफ न्यून्स आणि झेव्हिए ड्रेझ यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा. एका गाड्या धुण्याच्या केंद्रावर त्यांनी ३०० गिऱ्हाइकांना कार्डं वाटली. निम्म्यांना ८ चौकटींचं कोरं कार्ड: ८ शिक्के झाले की एक धुलाई फुकट. उरलेल्यांना १० चौकटींचं, पण त्यातल्या दोन आधीच शिक्का मारून भरलेल्या. दोघांनाही शिक्के मिळवायचे ते आठच. कोरं कार्ड १९ टक्क्यांनी पूर्ण केलं, दोन शिक्क्यांचं ३४ टक्क्यांनी! निघण्याआधीच थोडं चालून झालंय असं वाटलं की पाय आपोआप उचलतात. कुठल्याही ॲपवर नाव नोंदवताक्षणी ‘तुमचं प्रोफाइल २० टक्के पूर्ण झालं आहे’ असं जे झळकतं, त्याची मेख इथे आहे.

आणि असा आकडा काढूनच घेतला तर? प्रोग्रामर लोक आपला कोड जिथे ठेवतात त्या गिटहबवर पूर्वी प्रत्येकाच्या पानावर ‘सलग किती दिवस काम’ हा आकडा झळकायचा. मे २०१६ मध्ये कंपनीने तो काढून टाकला. पुढे लुकास मोल्डन, मार्कुस श्ट्रोमायर आणि योहानेस वाक्स या संशोधकांनी त्या आधीचे आणि नंतरचे दिवस ताडून पाहिले. आकडा गेल्यावर शनिवार-रविवारचं काम कमी झालं, आणि ज्या दिवशी एखादीच किरकोळ नोंद केली आहे असे दिवसही कमी झाले. याचा अर्थ इतके दिवस कितीतरी जण साखळी तुटू नये म्हणून रविवारी रात्री काहीतरी एक टिंब टाकून झोपत होते. स्लॅशडॉट या जुन्या संकेतस्थळाने तर यावर नामी उपाय काढला होता. तिथे सदस्याच्या ‘कर्मा’चा आकडा दिसायचा. लोक तो वाढवण्याच्या मागे लागले, तेव्हा आकडा झाकून त्याजागी ‘वाईट’, ‘बरं’, ‘उत्तम’ अशा अर्थाचे शब्द ठेवले. शब्दांची बेरीज कुणाला करता येत नाही.

आता विकिपीडियाकडे वळू, कारण तिथे मामला निराळा आहे. तिथे गुण नाहीत. हुद्दे आहेत, पण मुद्दाम त्यांची हवा काढून घेतलेली. पानं वगळण्याचा आणि उपद्रव करणाऱ्यांना रोखण्याचा अधिकार ज्यांना असतो, त्या प्रचालकांचं इंग्रजी विकिपीडियावरचं चिन्ह काय असावं? फरशी पुसायचा मॉप. १ मे २००३ ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरही प्रचालक आहेत आणि त्यांच्याही वाट्याला मुख्यतः झाडलोटच येते. याशिवाय इंग्रजी विकिपीडियावर सेवाज्येष्ठतेच्या भारदस्त पदव्यांची एक लांबलचक यादी आहे, आणि त्या ज्याने त्याने स्वतःच स्वतःला द्यायच्या असतात. किती वर्षं झाली, किती संपादनं केली ते मोजा आणि पदवी आपल्या पानावर लावून टाका. सत्कार समितीही आपणच आणि सत्कारमूर्तीही आपणच. आपल्याकडचे काही सोहळे आठवले असतील तर तो योगायोग समजावा.

पण तिथली खरी मानाची वस्तू आहे ‘बार्नस्टार’. अमेरिकेत गोठ्या-कोठारांच्या भिंतीवर शोभेला चांदणी लावतात, तिचं चित्र. एका संपादकाला दुसऱ्याचं काम आवडलं की तो हे चित्र आणि दोन ओळी त्याच्या पानावर ठेवतो. किती कामावर मिळेल याचा नियम नाही. मायकेल रेस्टिव्हो आणि आर्नाउट व्हान दे राइट यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच चांदणीवरचा. सर्वाधिक काम करणाऱ्या १ टक्क्यातले, पण आजवर एकही बार्नस्टार न मिळालेले २०० संपादक त्यांनी निवडले. चिठ्ठ्या टाकाव्या तशी त्यांतली १०० नावं काढून त्यांना बार्नस्टार दिला, उरलेल्या १०० जणांना काही नाही. ९० दिवसांनी मोजलं तेव्हा चांदणीवाल्यांचं काम दुसऱ्या गटापेक्षा ६० टक्क्यांनी जास्त भरलं. हे आधीच डोंगराएवढं काम करणारे लोक होते, ही गोष्ट विसरू नका. शिवाय इतर संपादकांकडून पुढे त्यांना आणखी बार्नस्टार मिळण्याचं प्रमाणही सहापट. याच जोडगोळीने नंतर कमी राबणाऱ्यांनाही बार्नस्टार देऊन पाहिले, तर त्यांच्या कामात तशी वाढ झाली नाही.

मग नवख्यांना कौतुकाचा उपयोग नाही की काय? याना गालुस या संशोधिकेने जर्मन विकिपीडियावर नेमकं तेच तपासलं. सुमारे ४ हजार नवे संपादक, त्यांतल्या काहींना चिठ्ठीनेच निवडून एक मानचिन्ह. हातात एक पैसा नाही, बहुतेक जण टोपणनावाने लिहिणारे, म्हणजे बाहेरच्या जगात मिरवायचीही सोय नाही. तरी पुढच्या महिन्यात टिकून राहणाऱ्यांचं प्रमाण मानचिन्हवाल्यांत २० टक्क्यांनी जास्त निघालं आणि परिणाम वर्षभर जाणवत राहिला.

स्टॅक ओव्हरफ्लोचा बिल्ला मिळताच माणूस सैलावतो आणि विकिपीडियाची चांदणी मिळाल्यावर तो आणखी कामाला लागतो, हे कसं? माझा अंदाज असा की तिनशे मतांचा बिल्ला हा सौदा आहे. माल दिला, दाम मिळाला, व्यवहार मिटला. चांदणीत सौदा कुठेच नाही. आपण लिहिलेलं कुणीतरी वाचलं एवढंच त्यातून कळतं, आणि वाचणारा पुन्हाही येऊ शकतो. खरी मौज पुढे आहे. विकिपीडियावरच्या या दोन्ही प्रयोगांत ‘कुणाच्या तरी नजरेत आपण भरलो’ असं ज्यांना वाटलं, त्यांना त्यांच्या बरोबरीच्यांतून चिठ्ठीने उचललं होतं. तेवढंच राबलेला शेजारी केवळ चिठ्ठी न निघाल्यामुळे कोरडा राहिला आणि त्याने काम वाढवलं नाही.

चॅटजीपीटी आल्यावर आठवडाभरातच, डिसेंबर २०२२ मध्ये, स्टॅक ओव्हरफ्लोने त्याच्याकडून लिहून घेतलेल्या उत्तरांवर बंदी घातली. दिसायला झकास पण बऱ्याचदा चुकीच्या उत्तरांचा तिथे पूर आला होता. नंतर तर तिथे येणाऱ्या नव्या प्रश्नांचा ओघच आटत गेला. प्रश्नच आले नाहीत तर दिवसाच्या २०० गुणांची मर्यादा कोण गाठणार? इंग्रजी विकिपीडियावर मात्र २०११ पासून सदस्याच्या पानावर, वरच्या बाजूला, हृदयाच्या आकाराचं एक छोटं बटण आहे. ते दाबून बार्नस्टार निवडायचा, आवडलेल्या कामाबद्दल दोन ओळी लिहायच्या आणि पाठवून द्यायचा. त्यासाठी खातं उघडलेलं असलं की झालं. १५ गुणांचीही अट नाही.