मोटारीचा उखळीचा सांधा

मोटारीचा विषय निघाला की लोक इंजिनाचे विचारतात, फार तर ब्रेकचे. आज मी सांगणार आहे ते पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूस, चिखलाने माखून बसलेल्या एका लहानशा सांध्याविषयी. कारखान्यात त्याला बॉल जॉइंट म्हणतात. आपल्या शरीरशास्त्राच्या पुस्तकांत उखळीचा सांधा येतो, तोच हा. मांडीच्या हाडाचा गोळा जसा खुब्याच्या खोबणीत फिरतो, तशी येथे सुपारीएवढी पोलादी गोळी वाटीत फिरते. चाकाला वळायचेही असते आणि खड्ड्यातून वरखालीही व्हायचे असते. ही दोन्ही कामे हा एकच सांधा करतो.

रेवस बंदराला लाँच लागली की उतारू भाड्याच्या गाड्यांत बसून चोंढीवरून अलिबागकडे निघतात. धरमतर खाडीच्या तोंडाशी हवा खारी, आणि पावसाळ्यात रस्त्याचे खड्डे पाण्याने भरलेले. अशा ठिकाणी या सांध्याचे आयुष्य त्याच्यावरच्या रबरी टोपीवर अवलंबून असते. टोपी शाबूत तोवर आतले ग्रीस शाबूत. टोपीला चीर गेली की पाणी आणि रेती आत जाते, ग्रीस धुऊन निघते, गोळीला गंज चढतो, आणि वाटीतले अस्तर खरवडले जाते. पुढे प्रत्येक खड्डा हातोड्यासारखा ठोका घालतो. वाटीचे तोंड रुंदावत जाते आणि एके दिवशी, बहुधा वळण घेताना किंवा मोठा गचका बसताना, गोळी बाहेर पडते. चाक खालून बाहेर फाकते, गाडीचे नाक रस्त्याला टेकते. सुकाणू हातात असते, पण त्याचा उपयोग नसतो.

मुंबईच्या जुन्या टॅक्सीवाल्यांना किंगपिन आठवत असेल. कुर्ल्याला बनणाऱ्या पद्मिनीत, म्हणजे पूर्वीच्या फियाटमध्ये, चाक किंगपिनवर वळत असे. तिला वेळोवेळी ग्रीस भरावेच लागे, म्हणून मिस्त्री चाकाखाली वाकून पाही. त्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. १९८३ साली आलेल्या मारुतीची पुढची मांडणी निराळी. ती मॅकफर्सन या अमेरिकन एंजिनियराच्या नावाने ओळखली जाते. वर स्प्रिंगसह उभा शॉकॲब्सॉर्बर, खाली आडवा आर्म आणि त्याच्या टोकाला हा सांधा. पुढे असे सांधे कायमचे ग्रीस भरून, बंद करून येऊ लागले. ग्रीस भरायचे नाही म्हणून खाली वाकणेही सुटले. मला यात सुधारणेपेक्षा गाफीलपणाच अधिक दिसतो.

सांधा मात्र आधी बोलतो. खड्ड्यात खट्ट असा आवाज येतो, सुकाणू वळवताना करकर होते, गाडी सरळ धरवत नाही, टायर एका कडेने झिजतो. तपासण्यातही एक मेख आहे. स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असेल तर त्या गाडीला आर्मखालीच जॅक लावावा. चेसिसखाली लावला तर स्प्रिंगचा दाब सांध्यावर राहतो आणि ढिलाई लपते. मारुतीसारख्या मांडणीत उलट, बॉडीखाली जॅक लावून चाक लोंबते ठेवावे. मग एकाने चाक वरखाली धरून हलवावे, टॉमीने आर्म उचलून पाहावा, आणि दुसऱ्याने सांध्यावर नजर ठेवावी.

हे सारे ड्रायव्हरला ठाऊक असते. खट्ट आवाज तोच ऐकतो. पण भाड्याने गाडी चालवणाऱ्याला दुरुस्तीचा दिवस म्हणजे बुडालेली रोजी, आणि खर्च करणारा मालक गाडीत बसलेला नसतो. ‘चालतेय ना, चालू दे,’ हे उत्तर मी पुष्कळ ऐकले आहे. १९६१ सालचा मोटार वाहतूक कामगार कायदा झाला तो पाच किंवा अधिक कामगारांच्या धंद्यासाठी. एका गाडीच्या मालकाकडे राबणारा त्यात बसला नाही. जुन्या भाडोत्री गाडीला वर्षातून एकदा योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो, पण रबरी टोपी दाखल्याची तारीख पाहून फाटत नाही.

म्हणून आमच्या लोकांना मी सांगतो, तक्रार तोंडी करू नका. वहीत तारीख, किलोमीटर आणि आवाज कोणत्या चाकाचा ते लिहा, आणि मालकाची सही घ्या. नवा सांधा बसवल्यावर नटाला कॉटर पिन लागत असेल तर ती घातली की नाही ते पाहा, चाकांची अलाइनमेंट करून घ्या. आणि जुना सांधा मिस्त्रीकडून मागून घेऊन मालकाच्या टेबलावर ठेवा; ती गोळी त्याला स्वतःच्या हाताने हलवून पाहू द्या.