कुष्ठरोगात बोटं झडतात का?

गैरसमज : या रोगात मांस सडतं आणि बोटं गळून पडतात.

वस्तुस्थिती : एके काळी डॉक्टरही हेच मानत. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. एकदा कोठीचं गंजलेलं कुलूप त्यांना उघडेना. एका कुष्ठरुग्ण मुलाने किल्ली धरून फिरवली आणि ते उघडलं. त्याच्या बोटातून रक्त गळत होतं, जखम हाडापर्यंत गेली होती, आणि त्याला पत्ताच नव्हता! मग ब्रँड यांनी एकेका जखमेचा माग काढला. कुणी चुलीवरचं तापलेलं भांडं उघड्या हाताने उचललेलं, कुणी अवजार फार घट्ट धरलेलं. काहींची बोटं रात्रीतून कुरतडलेली दिसत, म्हणून पहारा ठेवला तर उंदीर सापडले. झोपलेल्याला चावा कळतच नसे. मग घरी जाणाऱ्या रुग्णांना सोबत मांजर दिलं जाऊ लागलं. जंतू नसा बधिर करतात. पुढची हानी होते ती दुखत नाही म्हणून.

गैरसमज : मिशनऱ्यांचा भर प्रार्थनेवर, विज्ञानाशी त्यांना काय देणंघेणं?

वस्तुस्थिती : ब्रँड मिशनरी दांपत्याचे पुत्र, स्वतः निष्ठावंत ख्रिस्ती. ज्याला कुणी शिवत नाही त्याचा हात हातात घ्यायला श्रद्धेने शिकवलं. तो हात लुळा का पडला, हे मात्र निरीक्षणानेच कळणार होतं. धडधाकट स्नायूचा कंडरा वळवून वाकड्या बोटांना जोडण्याची शस्त्रक्रिया त्यांनी या रुग्णांसाठी विकसित केली. हा रोग म्हणजे 'देवाची शिक्षा' ही समजूत ख्रिस्ती समाजातही खोल रुजलेली होती. ती उपटायला श्रद्धावंतांनाही विज्ञानाचा आधार लागला, आणि त्यात श्रद्धेला कमीपणा आला असं मला मुळीच वाटत नाही.

गैरसमज : शोध खरा ठरला की नैतिकतेचा प्रश्न उरत नाही.

वस्तुस्थिती : कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सन यांनी शोधला. संसर्ग सिद्ध करण्यासाठी त्यांनी १८७९ साली एका रुग्ण बाईच्या डोळ्यात, तिला न विचारता, रोगट द्रव्य टोचलं. न्यायालयाने १८८० साली त्यांचं रुग्णालयातलं पद काढून घेतलं. जंतूबद्दल ते बरोबर होते. तिच्यावर त्यांनी अन्यायच केला.

गैरसमज : हा रोग बरा होत नाही.

वस्तुस्थिती : हा रोग बरा करणाऱ्या बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ सालीच केली. तरी आपल्याकडे कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून २०१९ पर्यंत कायद्यात राहिलं, हिंदू विवाह कायद्यात आणि ख्रिस्ती घटस्फोट कायद्यातही. अंगावर बधिर चट्टा दिसला तर सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. औषध मोफत मिळतं.